लोखंडाच्या पोटातली पोरगी

दि. ११ मार्च

चि. सौ. सूनबाई,

माझे आशीर्वाद तुला न मागताच पोचतात, म्हणून ते लिहीत बसत नाही. इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या कुंड्यांतली झाडं जिवंत आहेत, एक सोडून. ते कुणी मारलं हे तुझ्या नवऱ्यालाच विचार. तू नोकरीला लांब गेलीस, तर हल्ली तो भाजी न करपवता करतो आणि स्वतःचे शर्ट स्वतः धुतो. तुम्ही लोक म्हणता ना 'पात्राचा विकास', तो आमच्या घरात बऱ्यापैकी चालू आहे.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण तू मध्येच "आई, तुमचा आवाज असा का येतोय?" म्हणतेस आणि माझी गाडी रुळावरून घसरते. कागद मध्ये बोलत नाही.

तर, तुझी मालिका मी पाहिली. सगळी.

हसू नकोस. लग्नानंतर तू पहिल्यांदा सांगितलंस की मी अवाढव्य रोबोटांच्या गोष्टी लिहिते, तेव्हा मी म्हणाले होते, "म्हणजे कार्टून!" आणि तू शांतपणे म्हणाली होतीस, "अ‍ॅनिमे, आई." मला आपलं वाटलं, नावात काय आहे, शेवटी डब्यावर डबा आपटणार. पहिले दोन भाग तसंच वाटलंही. ती लाल जाकीटवाली पोरगी रोबोटच्या पोटात बसते, किंचाळते, समोरच्याचा चेंदामेंदा करते. मी तुझ्या नवऱ्याला म्हटलं, "या पोरीला माझ्या मैदानावर आण, दोन फेऱ्यांत सरळ करते." तीस वर्षं खेळाची बाई होते मी, असल्या फणकारेवाल्या पुष्कळ पाहिल्यात.

पण तिसऱ्या भागात ती घाईघाईत वर चढताना त्या ग्रीसवाल्याला ढकलते, आठवतंय? आठवणारच, तूच लिहिलंयस. तो बिचारा पडतो, उठतो, हात पुसतो आणि पुन्हा रोबोटच्या गुडघ्यातला नट आवळायला लागतो. ती वळूनसुद्धा बघत नाही. आमच्या शेजारच्या कंडक्टरबाई एकदम ओरडल्या, "अगं, उचल की त्याला!" इथे आम्ही चौघीजणी आहोत. चौघींनीही तिला शिव्या घातल्या. आणि तेव्हापासून मालिका लागली की कोणी बोलायचं नाही, असा कायदा झाला.

मग हळूहळू काय जादू केलीस गं तू! ते जाकीट तिच्या मेलेल्या भावाचं आहे, हे तू किती उशिरा सांगितलंस! तोवर आम्ही तिला उर्मट म्हणून मोकळ्या झालो होतो. आणि नंतर ती एकदा खाली उतरते, दुरुस्तीवाल्यांच्या जेवणाच्या टेबलापाशी नुसती उभी राहते. कुणी सरकून जागा देत नाही. माफीबिफी काही मागत नाही ती. स्वतःच एक खोकं ओढून आणते आणि टेबलाच्या कोपऱ्याला बसते. ग्रीसवाला तिच्याकडे न बघता मिठाची बाटली पुढे सरकवतो. बस्स, एवढंच. कंडक्टरबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि मला म्हणाल्या, "धूळ फार आहे हो इथे." धूळ कुठली, इथली फरशी दिवसातून दोनदा पुसतात.

पहिल्या भागात रोबोटचा हात तुटला होता तेव्हा मी चहा पीत होते, पीतच राहिले. लोखंड तुटलं, त्यात काय? पुढे तोच हात पुन्हा तुटला तेव्हा मी कप खाली ठेवला. कारण आता माहीत होतं, तो हात कुणी कुणी जोडलाय आणि आत बसलेल्या पोरीला त्या सगळ्यांची नावं पाठ आहेत. यंत्र तेच, हात तोच. त्याला वजन तू दिलंस. एवढं मोठं धूड, पण त्यात माणूस नसेल तर ते भंगारच की!

माझ्या तोंडून शाबासकी सहज निघत नाही, हे माझ्या विद्यार्थ्यांना विचार. पण तुला म्हणते, शाबास. दोनदा म्हणते.

आता 'इथे' म्हणजे कुठे, हे तुझ्या मनात आलंच असेल. मी बहिणीकडे राहायला गेलेय असं तुला सांगितलं होतं. बहिणीकडे फरशी दोनदा पुसत नाहीत, हे तुलाही ठाऊक आहे.

पडले गं मी. जिन्यावर, दिवसाढवळ्या, हातात पिशवी असताना. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, छान झालं, डॉक्टर भला माणूस आहे. तुझ्या नवऱ्याला मीच शपथ घातली की तुला सांगायचं नाही. तू शेवटचे भाग लिहीत होतीस. सांगितलं असतं तर पेन टाकून धावत आली असतीस, मी ओळखते तुला. खोटं बोलले, पण पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच बोलेन. तेव्हा त्याच्यावर चिडू नकोस. इथे जागून जागून त्याचा चेहरा धुतलेल्या पायपुसण्यासारखा झालाय.

या खोलीत एक बाई होती. हाड जुळलं, टाके सुकले, पण पलंगावरून पाय खाली टाकेना. व्यायाम करून घेणारी मुलगी रोज यायची, गोड बोलायची, रागवायची. बाईचं आपलं एकच, "उद्या." पोरगी गेली की भिंतीकडे तोंड करून पडायची. पुन्हा पडलो तर, ही धास्ती. पण तसं कबूल करायला जीभ वळत नव्हती.

ती बाई कोण, हे ओळखलंस ना? ज्या बाईने आयुष्यभर शिट्टी वाजवून दुसऱ्यांना पळवलं, तीच.

आणि त्या दिवशी दुपारी तुझा तो भाग लागला. लाल जाकीटवाली लढाईत उंचावरून कोसळलेली, बरी झालेली, पण रोबोटच्या शिडीपाशी येऊन थिजलेली. मला वाटलं, आता कप्तान येणार, मोठं भाषण ठोकणार, संगीत वाजणार आणि ही भर्रकन वर चढणार. मैदानावर मी तेच करायचे, भाषण ठोकायचे. पण तू पाठवलंस कुणाला, तर ग्रीसवाल्याला! तो म्हणतो, "मलाही या शिडीची भीती वाटते. रोजच वाटते. चल, एक पायरी चढू आणि तिथेच बसून राहू." आणि दोघं खरंच पहिल्या पायरीवर बसून राहतात. रोबोट त्या भागात जागचा हलतसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी ती व्यायामवाली मुलगी आली तेव्हा मी म्हटलं, "मला भीती वाटते." मग म्हटलं, "एकच पाऊल टाकेन. पण लगेच बसायला खुर्ची ठेव." तिने खुर्ची ठेवली. कंडक्टरबाई आपल्या पलंगावरून ओरडल्या, "चला, पुढे सरका, पुढे जागा आहे!" आम्ही सगळ्या इतक्या हसलो की मी दुसरं पाऊल कधी टाकलं ते मलाच कळलं नाही.

अ‍ॅनिमे बघून माणूस चालायला लागतं असं मी म्हणणार नाही. हाड डॉक्टरांनी जोडलं. पण 'भीती वाटते' हे दोन शब्द माझ्या तोंडून डॉक्टरांना काढता आले नव्हते, तुझ्या नवऱ्याला तर नाहीच नाही. ते तू काढलेस, इतक्या लांब बसून.

म्हणून आता मुद्द्याचं. तुझ्या नवऱ्याने मला सांगितलं, की तुझे साहेब म्हणतात, लोकांना रोबोट बघायचेत, माणसांची रडगाणी नकोत. पुढच्या वर्षी नुसत्या लढाया लिही, नाहीतर दुसरं कुणीतरी लिहील. आणि तू राजीनामा टाकून घरी यायचं म्हणतेयस. हा शहाणा तुला "ये, बरंच होईल" म्हणाला. मी त्याचा कान पिळला. या वयातही पोचतो हात.

भांडून बघ आधी. त्या साहेबांना सांग, एका खोलीत चार मोडक्या बायका होत्या, त्यांतल्या एकीलाही रोबोटच्या तोफेचं नाव आठवत नाही. पण ग्रीसवाल्याने मिठाची बाटली कुठल्या हाताने सरकवली, यावर त्यांचं अर्धा तास भांडण झालं. भांडूनही जमलं नाही तर ये. हरून आलीस तरी घर तुझंच आहे. पण माझ्या खुब्याचं निमित्त करून येऊ नकोस. तेवढं ओझं मला पेलायचं नाही.

तुझी आठवण येत नाही असं नाही. उगाच कशाला लिहू. येते.

सोमवारी घरी सोडणार आहेत. तू जेव्हा केव्हा येशील, तेव्हा एकदाच बेल वाजव आणि थांब. पुन्हा पुन्हा वाजवू नकोस, तुझ्या नवऱ्याला हाका मारू नकोस. वेळ लागेल, पण दार उघडायला मी येणार आहे.

तुझी,
हळूहळू चालणारी
सासू