एरॉल जाणार म्हणजे जाणार

१ जानेवारी
नवीन वर्षाच्या मिस्सेत फादर म्हणाले, प्रत्येकाने आपला एक दुर्गुण सोडा आणि सुटला की नाही ते रोज वहीत लिहा. माझ्यात दुर्गुण कुठला? जेवण होईपर्यंत शोधला, सापडला नाही. शेवटी हेवा धरला. तो माझ्यात नाहीच, म्हणजे सोडायला सोपा. ऑगस्टीनला बँकेतून डायरी मिळाली होती, ती घेतली. नवऱ्याला डायरी कशाला, तो तर कॅलेंडरवरपण काही लिहीत नाही. मी सातवी शिकलेय. शुद्धलेखन बघायला कोण येतंय.
आज हेवा: नाही.

४ जानेवारी, संध्याकाळ
धाकटी जाऊ मेरी अंगण ओलांडून आली. हातात नाताळचा उरलेला केक. दोन तुकडे. सांगायला आली की तिची ब्रिटनी सप्टेंबरात आयर्लंडला चालली, एमएस्सी करायला. मी म्हटलं, इथली कॉलेजं काय जळली? मेरी म्हणते, तिथे लॅब मोठी असते बाय. लॅब मोठी! ब्रिटनीची उंची केवढी, तिला किती जागा लागते?
आज हेवा: नाही. केक कोरडा होता, एवढंच.

५ जानेवारी
ठरलं. आमचा एरॉलपण परदेशी शिकायला जाणार. यात मेरीचा काही संबंध नाही, पोराच्या भविष्याचा प्रश्न आहे. बीएस्सी बॉटनी झालाय, फर्स्ट क्लास, आणि सहा महिने वाडीत सोनचाफ्याला शेण घालतोय. त्याला सांगितलं. म्हणाला, आई, मला नाही जायचं. मी म्हटलं, तुला कोण विचारतंय?

९ जानेवारी
ही पोरं जातात तरी कशाला? फॉर्मात विचारतात म्हणे, म्हणून माहिती काढली.
फर्डिनंडसर म्हणाले, तिथे पाठांतर नसतं, मुलाला स्वतः विचार करायला लावतात. याच सरांनी एरॉलला सतराचा पाढा आला नाही म्हणून व्हरांड्यात उभं केलं होतं.
एरॉलचा मित्र संकेत, आचोळ्याला राहतो, तो म्हणाला, काकी, तिकडची डिग्री असली की नोकरीत भाव मिळतो.
ब्रिटनीला विचारलं. म्हणाली, काकी, खरं सांगू? तिथे कोणी विचारत नाही कुठे गेलेलीस, किती वाजता आलीस. आता विचारण्यात वाईट काय आहे? मी तर तिला रोज विचारते.
बायजा मासे घेऊन दारात आली, तिलापण विचारलं. म्हणाली, काय कारन असनार बाय, शेजारचं गेलं म्हनून आपलं जातं. तिचे बोंबील घेतले नाहीत.

२ फेब्रुवारी
हॉलंड ठरलं. तिथे फुलं शिकवतात. फुलं लावायला शिकायला विमानाने जायचं, पण असो, आयर्लंडपेक्षा लांब आहे असं ऑगस्टीनला म्हटलं. तो म्हणाला जवळ आहे की लांब ते बघावं लागेल. याला कधी माझ्या बाजूने बोलता येत नाही.
फॉर्मात निबंध लिहायचा, तुम्हाला इथे का यायचं आहे. एरॉल तीन दिवस कोऱ्या पानासमोर बसलाय. मी सांगितलं, लिही, मला ज्ञानाची तळमळ आहे. म्हणाला, मला वाडीची तळमळ आहे. म्हटलं, मग तेच लिही, पण आज लिही. त्याने लिहिलं. आमचा चाफा दर पावसाळ्यात मुळातून कुजतो, आजोबांनापण कळलं नाही का, मला ते कळून घ्यायचंय, असं काहीतरी. याला कोण घेणार? मेणबत्ती लावली.

२३ फेब्रुवारी, रविवार
मेरीने ब्रिटनीसाठी उपकारस्तुतीची मिस्सा सांगितली. ईस्टरनंतरच्या रविवारी. मला स्वतः नाही सांगितलं, पॅरिश ऑफिसातल्या बाईने सांगितलं. बरं झालं मी सहज तिथे गेले होते.
मी येत्या रविवारची सांगून आले. एरॉल उच्च शिक्षणासाठी परदेशी जात असल्याबद्दल. कॉलेजकडून अजून काही कळलं नाही, पण देवाला सगळं आधीच माहीत असतं. आभार आधी मानले तर तो रागावणार थोडाच?
आज हेवा: नाही. घाई होती.

२ मार्च, रविवार
फादरनी एरॉलचं पूर्ण नाव वाचलं. सगळं चर्च मागे वळलं. मेरीपण वळली. तिचा चेहरा मी नीट बघितला, सावकाश. एरॉल गायकांत उभा होता, त्याचा आवाज बंद झाला. बाहेर पडल्यावर सगळ्यांनी त्याचा हात धरधरून हलवला.
घरी आल्यावर म्हणाला, आई, अजून त्यांचं उत्तर आलं नाही. म्हटलं, आता यायलाच पाहिजे, फादर खोटे पडतील का? म्हणाला, आणि आलंच नाही तर? मी भात लावायला गेले.

२० मार्च
उत्तर नाही. एरॉल खुशीत शीळ घालतोय. सोनचाफ्याची चाळीस कलमं बांधली. मला प्रत्येक दाखवली. सगळी सारखीच दिसतात.
दुकानात, बेकरीत, बस स्टॉपवर एकच प्रश्न, एरॉल कधी जाणार? मी सांगते, लवकरच. पाव आता लांबच्या बेकरीतून आणते.

१६ एप्रिल
आलं! घेतलं! स्कॉलरशिपसकट! कुजणाऱ्या मुळांचं वाचून तिथले प्रोफेसर खुश झाले म्हणे. आधी अंगणात जाऊन मोठ्याने ऑगस्टीनला सांगितलं. तो घरातच होता.
एरॉल विहिरीच्या कठड्यावर बसून राहिला. ऑगस्टीन म्हणाला, पोराला एकदा विचार तरी, जायचं आहे का. म्हटलं, आता विचारून काय करू? गावात सांगून झालंय.

२७ एप्रिल, रविवार
ब्रिटनीची मिस्सा. फादर म्हणाले, एरॉलप्रमाणेच ब्रिटनीदेखील. एरॉलप्रमाणेच! माझ्या कानांनी ऐकलं.
आज हेवा: कशाला असेल?

२९ जून
एरॉल मला कलमांना पाणी घालायला शिकवतोय. मुळाशी घालायचं, कमी घालायचं, पाऊस असला तर अजिबात नाही. मी म्हटलं, मला शिकवतोस? लग्न करून आले तेव्हापासून वाडीत आहे. म्हणाला, म्हणूनच कुजतात.

१४ ऑगस्ट, दुपारी १
गेला.
गाडी अंगणात उभी. मेरी आणि ब्रिटनी दारात, बायजापण थांबलेली. एरॉल माझ्या जवळ आला आणि हळूच म्हणाला, आई, तू एकदा राहा म्हण, मी बॅग खाली ठेवतो. सगळे बघत होते. मी म्हटलं, पासपोर्ट घेतलास का?
त्याने खिसा चापपला. घेतला होता.

२१ ऑगस्ट
फोनवर म्हणाला थंडी आहे. ऑगस्टमध्ये! दोन ताटंच घ्यायची हे लक्षात राहत नाही. कलमांना पाणी घातलं. पाऊस पडत होता, पण बाहेर जायला काहीतरी काम लागतं.
मेरीला म्हटलं, आता तुझीपण जाईल, मग दोघी मिळून रडू. ती नुसती हसली.

३ सप्टेंबर
मेरी वाटी घेऊन आली. खीर. ब्रिटनी जात नाही.
इथेच वसईत औषधाच्या कंपनीत नोकरी लागली. स्कूटरने दहा मिनिटं. मी म्हटलं, आणि ती मोठी लॅब? मिस्सा? फादरनी वाचलं ते? मेरी म्हणाली, फादरना जाऊन सांगितलं, ते हसले, म्हणाले देवाला माहीतच असेल. पोरीचा पाय निघेना बाय, आणि माझापण जीव होईना. मग म्हणते, तू धीराची. मला नसतं जमलं.
खीर चांगली होती. हे लिहायची गरज नव्हती.

८ सप्टेंबर, संध्याकाळी ५
मारियामाऊलीचा सण. एरॉलने व्हिडिओ लावला. काचेच्या घरात उभा, मागे फुलंच फुलं. गाल भरलेत. म्हणाला, आई, मूळ का कुजतं ते इथे तपासून कळलं, मला वाटायचं तेच, पाणी जास्त होतं. म्हणाला, तू बरोबर होतीस, इथे बरं आहे, प्रोफेसर म्हणतात पुढची चार वर्षंपण इथेच कर. मी विचारलं, रात्री किती वाजता घरी येतोस? हसला. म्हणाला, इथे कोणी विचारत नाही.
चाळीसपैकी सहा कलमं उरली. त्याला सांगितलं सगळी छान आहेत.
ओट्यावर बसले. समोरच्या ओट्यावर मेरी बसलीय, ब्रिटनी तिच्या केसांना तेल लावतेय आणि तिला दटावतेय, आई, दुपारी कुठे गेलेलीस, किती वाजता आलीस, सांगून जायला काय होतं?
आज हेवा: आहे.