तीन पुकारे

१२ जून
घसा पुन्हा बसला! डॉक्टर म्हणतात, ओरडायचं नाही. कोर्टातल्या पुकारेवाल्याला सांगतात हे! निवृत्तीला चार महिने उरलेत. आवाज गेला म्हणून कळवलं तर आजच घरी बसवतील. म्हणून दारातच उभा राहून हळू पुकारतो. वकील जवळ असतात, त्यांना ऐकू जातं. भागतं.

१४ जून
नाही भागलं.
खोली खाली करण्याच्या दाव्यातल्या आजी. बाकं भरलेली, म्हणून जिन्याखाली बसलेल्या. सकाळी दहापासून! मी तीनदा पुकारलं — नियमच आहे, तीनदा. कोणी आलं नाही. जजसाहेबांनी 'गैरहजर' लिहिलं, निकाल घरमालकाच्या बाजूने. दोन मिनिटांत खेळ खलास.
बारा वाजता आजी दाराशी. "दादा, माझं नाव नाही का आलं अजून?"
"आलं. तीनदा पुकारलं."
खोटं नव्हतं ते. म्हणूनच जास्त लाज वाटतेय.

१५ जून
जेवताना बायकोला सांगून टाकलं. म्हणाली, "अहो, जिला हाकच ऐकू गेली नाही, ती गैरहजर कशी?" मी तिच्यावरच खेकसलो — तेही आवाजाशिवाय!

१८ जून
लिहून दिलं. 'माझा आवाज पोचला नाही, चूक माझी.' पेन्शन गेली तर गेली!
हेडक्लार्कने वाचलं, घडी घातली, ड्रॉवरमध्ये टाकलं. वर चहा मागवला.
"तुमचा घसा बसलाय, हे काय आम्हाला आज कळतंय? वर्ष झालं."
"मग मला बदललं का नाही?"
हसला. "रोजची सत्तर प्रकरणं. सगळेच हजर राहिले तर उरकायची कधी? चहा घ्या. आणि गप्प बसा."
आणि मी समजत होतो, मीच सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकतोय! शहाणाच मी.

२० जून
आजी आल्या होत्या. वकिलाने सांगितलंय म्हणे — पुकारेवाल्याने लिहून दिलं तर दावा पुन्हा उभा राहील. "द्याल ना दादा?"
बघतो, म्हणालो. बघतो! कागद लिहून झालाय, त्या ड्रॉवरमध्ये पडलाय, एवढंसुद्धा तोंडातून निघालं नाही. त्याला कुठे मोठा आवाज लागत होता?

३० जून
आजींच्या खोलीला कुलूप लागलं.
मला नोकरीत दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली. मी अर्जच केला नव्हता.
सही करून आलो.