दहा मिनिटांचं प्रायश्चित्त

हर्मन, मिझुरी
२१ फेब्रुवारी २०१६

चि. नोरास,
आजीचे अ. उ. आ.

तुझा फोनवरचा निरोप तुझ्या बापाने मला वाचून दाखवला. त्यात एकही पूर्णविराम नव्हता आणि शेवटी एक रडका पिवळा चेहरा होता. या घरात फोन फक्त कोणी गेल्याचं कळवायला वापरतात, हे तुला ठाऊक आहे. बाकी जे असेल ते कागदावर लिही.

तर तुझ्या क्लबचे प्रशिक्षक, त्या पार्कहर्स्ट गृहस्थांनी तुम्हा मुलींना गवतावर गोल करून बसवलं आणि सांगितलं की शाळेकडून खेळायचं तर खुशाल खेळा, पण वसंतातल्या स्पर्धांना तुमच्या जागी दुसऱ्या मुली उभ्या असतील, आणि जूनमध्ये परत आलात तर जागा रिकामी असेलच असं नाही. वर असंही म्हणाले की शाळेचा फुटबॉल म्हणजे बँड आणि केकविक्री. एकतीस वर्षं मी काउंटीच्या कोर्टात वकिलांचं बोलणं टिपून घेतलं आहे. सल्ल्याचा कोट घालून आलेली धमकी मला दारातूनच ओळखू येते.

तू सेंट ओडिलिया शाळेकडून खेळावंस असं मला वाटतं, आणि ते मी लपवत नाही. मी तिथे होते तेव्हा मुलींना संघच नव्हता. सिस्टर ॲडेलगुंड झग्याला कपडे वाळवायचे चिमटे लावून आमच्याबरोबर मागच्या अंगणात चेंडू मारायच्या, तेवढंच. एकदा त्यांची लाथ अशी बसली की चेंडू प्रार्थनाघराच्या खिडकीची काच फोडून आत गेला. कोणी पाहिलं नव्हतं. तरी त्याच संध्याकाळी त्यांनी मदर सुपीरियरना स्वतः जाऊन सांगितलं आणि महिनाभर जेवणाच्या टेबलाशी मौन धरलं. त्या अंगणात आता तुमच्या गोलाचे खांब उभे आहेत आणि तू त्यांच्यात गोलकीपर म्हणून उभी राहतेस. हे सोडून एका क्लबवाल्याच्या भीतीने घरी बसलीस तर मला वाईट वाटेल. पण ठरव तूच.

शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे तळायला मला उभं करतात. केसांना अजून वास येतो आहे. आईला माझा आशीर्वाद सांग. लोभ आहेच, तो टिकवायचा तर उत्तर चार ओळींपेक्षा मोठं धाड.

तुझी आजी,
लॉरेट्टा फेरेनबाख

*

कर्कवुड
६ मार्च २०१६

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

पूर्णविराम मोजून घे. कमी पडले तर पुढच्या पत्रात पाठवीन.

मी शाळा घेतली. बाबांना गाडीत सांगितलं. ते घर येईपर्यंत बोलले नाहीत आणि मग दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले की सहा वर्षं मी तुला त्या क्लबच्या मैदानांवर नेतो आहे, माझ्या गाडीला तुझ्या हातमोज्यांचा वास कायमचा लागला आहे, आणि आता तू म्हणतेस बँड आणि केकविक्री. मग हसले. थोडंसंच.

त्यांची चिंता खरी आहे. आयोवाच्या एका कॉलेजच्या प्रशिक्षक बाई आपल्या संघासाठी मुली निवडायला ९ एप्रिलला क्लबची स्पर्धा बघायला येणार आहेत. मला बघायला येणार होत्या. अकरावीच्या वसंतात बघितलं नाही तर मग फारसं कोणी बघत नाही. शाळांच्या सामन्यांना त्या लोकांना जाणं परवडत नाही, तिथे एका दुपारी एकच मुलगी बघायला मिळते, स्पर्धेत शंभर. आता त्या माझ्या जागी क्लबच्या दुसऱ्या गोलकीपरला, हॅडलीला बघतील. हॅडली चांगली आहे, त्यामुळे जास्त वाईट वाटतं.

तू विचारशील की मग दोन्हीकडे का नाही खेळायचं. तर राज्याचा नियम आहे. शाळेचा हंगाम सुरू झाल्यापासून शेवटच्या सामन्यापर्यंत दुसऱ्या कुठल्याही संघाकडून एक मिनिटसुद्धा उतरायचं नाही. उतरलं तर मुलगी बाद, आणि त्यानंतर ती शाळेकडून खेळली ते जिंकलेले सामनेही जातात. आमच्या शाळेच्या प्रशिक्षक मिस टाल्बटनी सगळ्यांकडून सही घेतली, आईबाबांचीसुद्धा.

संघात ब्रिजिट ओटन म्हणून नववीतली एक राखीव गोलकीपर आली आहे. सरावाच्या आधी पीनट बटर खाते आणि मग तिच्या हातातून चेंडू सटकतो. बदकाच्या पिल्लासारखी माझ्यामागून फिरते.

९ तारखेला मी मैत्रिणींना बघायला जाणार आहे, प्रेक्षक म्हणून. तू आगगाडीने ये ना. सोबत असलीस तर मला बघवेल.

तुझ्या मायेची आणि लिंबाच्या वड्यांची वाट बघणारी,
नोरा

*

हर्मन
१० एप्रिल २०१६

चि. नोरास,
अ. उ. आ.

घरात आले ती कोट न काढता टेबलाशी बसले आहे. काल जे पाहिलं ते टिपून ठेवल्याशिवाय मला झोप यायची नाही.

हॅडली बिचारी पाय मुरगळून पडली तेव्हा त्या पार्कहर्स्टचा चेहरा कवळी हरवलेल्या माणसासारखा झाला होता. तू म्हणालीस नियम आहे. तो म्हणाला, नुसती दहा मिनिटं, नोरा. तू पुन्हा म्हणालीस नियम आहे, आणि माझ्याकडे पाहिलंस. मी जे बोलले ते आजही बोलेन. पोर गवतावर पडली आहे, तिची जागा रिकामी आहे, आयोवाच्या बाई वही घेऊन समोर उभ्या आहेत. आयुष्यभर टिपून घेणारी मीच होते, आणि इथे नियम मोडल्याचं टिपून घेणारं मला कोणी दिसत नाही. जा. असं मी म्हटलं, आणि तू गेलीस.

डाव्या खांबाशी आडवी होऊन तू तो चेंडू बोटांनी बाहेर ढकललास तेव्हा माझी पर्स पडली. त्या बाई बराच वेळ लिहीत होत्या, मी बघत होते. तो नियम दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्यांसाठी आहे. तू फक्त एका जखमी मुलीची जागा धरून ठेवलीस. त्याला कोणी खेळणं म्हणत असेल तर त्याने माझ्याकडे यावं.

नंतर कस्टर्डच्या दुकानात तू काही खाल्लं नाहीस. पोट बरं नाही म्हणालीस. आल्याचा चहा घे आणि अंगात लोकरीचं घाल.

तुझ्यावर खूश असलेली,
आजी

*

कर्कवुड
२४ एप्रिल २०१६

ती. आईस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र लिहायची मला सवय नाही, पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही आणि तुझ्या फोनच्या यादीत बसतही नाही.

नोरा गेल्या बुधवारी स्वतः मिस टाल्बटकडे गेली आणि ९ तारखेला क्लबकडून दहा मिनिटं गोलात उभी राहिल्याचं सांगून आली. कोणी तक्रार केली नव्हती. ती म्हणते, त्यानंतर शाळेने तीन सामने जिंकले, आणि प्रत्येक वेळी सगळ्या जणी येऊन गळ्यात पडायच्या तेव्हा ती त्यांचे हात सोडवून बाजूला व्हायची. टाल्बटबाई ओरडल्या नाहीत. पायऱ्यांवर बसल्या आणि एवढंच विचारलं की तुला कोणी सांगितलं होतं का. नोरा म्हणाली, कोणी नाही. क्लबच्या सरांनी विचारलं आणि मी गेले. आजी तेव्हा कॉफी आणायला गेली होती.

आता प्रकरण राज्याच्या समितीकडे आहे. ते तीन विजय जाणारच. नोराला किती दिवस बसवतात ते अजून कळायचं आहे. पूर्ण हंगाम गेला तर तिने क्लब सोडून जे घेतलं तेही गेलं.

लहानपणी खोटं बोलताना ती उजवा कान ओढायची, तूच मला दाखवलं होतंस. चार दिवस तो कान लाल आहे. मी तुला काही विचारत नाही. फक्त डॉक्टरांनी बंद केल्यापासून गेल्या दहा वर्षांत तू कॉफीला हात लावला नाहीस, एवढं मला आठवतं.

तब्येत सांभाळ. माया असू दे, आमच्यावर आणि जास्त तिच्यावर.

तुझा,
कर्ट

*

हर्मन
२७ एप्रिल २०१६

चि. नोरास,

आज आशीर्वाद द्यायला हात जरा जड आहे, पण तो तुझ्यामुळे नाही. अ. आ.

कर्टचं पत्र आल्यावर मी आधी संतापले. समितीला चार पानं लिहिली. मुलांना एका हाताने खेळ देता आणि दुसऱ्या हाताने काढून घेता, क्लबवाले एकीकडून ओढतात, तुम्ही दुसरीकडून, आणि मधली पोरगी सतरा वर्षांची आहे, असं बरंच काही. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. सकाळी वाचून बघितलं तर चार पानांत मी कुठेच नव्हते. फाडून टाकलं.

मग अर्धं पान लिहिलं, कोर्टात टिपायचे तसं. सरांनी विचारलं. नोरा फेरेनबाख दोनदा नाही म्हणाली. तिच्या आजीला नियम माहीत होता, कारण तो नातीने तिला पत्रात लिहून कळवला होता. आजीने तिला जा म्हटलं. खाली सही. एक प्रत समितीला गेली, एक मिस टाल्बटना.

पार्कहर्स्टला मी नावं ठेवली, पण तो निदान तोंडावर सांगत होता की एक काहीतरी निवड. तुला शाळा घ्यायला लावली मी, आणि मग क्लबचंही मिळावं म्हणून गुपचूप ढकललं तेही मीच. दोन दगडांवर पाय तुझे नव्हते, माझे होते, आणि पडलीस तू.

माझ्यासाठी पुन्हा कधी खोटं बोलू नकोस. त्यातही कॉफीचं तर नाहीच. आणि शिक्षा काय ती तूच सांग. मी मागून घेते आहे.

तुझी,
आजी

*

कर्कवुड
८ मे २०१६

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

समितीचं पत्र शुक्रवारी आलं. तीन विजय गेले. स्वतः सांगितलं म्हणून पूर्ण हंगाम नाही, पण विभागाच्या उपांत्य सामन्यापर्यंत मी बाकावर, तो सामना धरून. अंतिम सामना खेळता येईल. म्हणजे १७ तारखेचा उपांत्य सामना माझ्याशिवाय त्या जिंकल्या तर.

तुझं अर्धं पान मिस टाल्बटनी मला वाचायला दिलं. मग म्हणाल्या, तुझ्या आजीने आमच्या शाळेत शिकवायला हवं होतं. मी म्हटलं, मुली पळून गेल्या असत्या.

दोन जणी अजून माझ्याशी बोलत नाहीत. कॅप्टन बोलली. म्हणाली, तुझी दहा मिनिटं आमचे तीन सामने खाऊन गेली. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार. क्लबच्या सरांनीही समितीला लिहिलं की मी तिला विचारायला नको होतं. माझा शर्ट, म्हणजे क्लबमधली माझी जागा, त्यांनी जूनपर्यंत ठेवून दिली आहे. आयोवाहून काहीच आलेलं नाही.

आता गोलात ब्रिजिट आहे. पहिल्या सामन्याआधी तिने बुटांवर उलटी केली. मी रोज सरावानंतर तिच्यावर चेंडू मारते, डावीकडे, कारण डावीकडे ती डोळे मिटते. पीनट बटर बंद केलं आहे.

तुझी शिक्षा. सिस्टर ॲडेलगुंडचीच. १७ तारखेला ये, पूर्ण ऐंशी मिनिटं बस, आणि तोंड उघडायचं नाही. पंचांना चष्म्याबद्दल काही सांगायचं नाही. दुसऱ्या शाळेच्या पालकांना व्याकरण शिकवायचं नाही. एक शब्दही नाही. जमेल का ते बघ, मला तरी शंका आहे.

लोभ होता तसाच आहे, काळजी करू नकोस.

तुझी,
नोरा

*

हर्मन
१८ मे २०१६

चि. नोरास,
आजीचे पूर्ण आणि मनापासून अ. उ. आ.

काल तू संघाबरोबर बसमध्ये चढलीस आणि माझी गाडी सहाची होती, म्हणून भेट झाली नाही. जे तिथे बोलायचं नव्हतं ते इथे लिहिते.

मी पाळलं. पंच समोरच्या संघातल्या उंच मुलीचं कोपर पाहूनही पुढे गेला तेव्हा मी ओठ इतके दाबले की शेजारच्या बाईंनी मला पाणी हवंय का विचारलं. मी मानेने नाही म्हटलं. मध्यांतरात कर्टने काहीतरी विचारलं, त्यालाही मानेने. तो म्हणाला, आई, तुला बरं आहे ना. त्याने असा प्रश्न मला जन्मात पहिल्यांदा विचारला.

ब्रिजिटने दोन चेंडू डावीकडे काढले, डोळे उघडे ठेवून. ते कोणी शिकवलं हे मला आणि तुला माहीत होतं. तू बाकावर बसली नव्हतीस, रेषेशी उभी होतीस आणि ती ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला तूही झुकत होतीस.

एकाहत्तराव्या मिनिटाला आपल्यावर गोल झाला. त्यात त्या पोरीची चूक नव्हती, चेंडू आपल्याच मुलीच्या टाचेला लागून वळला. माझ्या मागे मासेमारीची टोपी घातलेला एक माणूस होता, आपल्याच शाळेच्या कोणाचा तरी बाप. तो मोठ्याने म्हणाला की फेरेनबाखची पोरगी असती तर हा आत गेला नसता. दुसरा म्हणाला, ती कसली असतेय, यांना क्लबही पाहिजे आणि शाळाही पाहिजे, स्वतःपुरतं बघणारी जात, आणि आपल्या पोरी रडतात.

मी तुझी शिक्षा आठवली. खरंच आठवली. मग उठले, मागे वळले आणि सांगितलं की ती दोनदा नाही म्हणाली होती. तिला मी पाठवलं. मी तिची आजी. रागवायचं तर माझ्यावर रागवा, मी शिट्टी होईपर्यंत इथेच आहे.

कर्टने माझी बाही धरली, पण ओढली नाही. थोड्या वेळाने टोपीवाल्याने बसायची गादी पुढे सरकवली, म्हणाला पायरी गार आहे, आजीबाई. मी घेतली.

शिट्टी झाली, आपण हरलो. तुझा अंतिम सामना गेला. ब्रिजिट गोलात पालथी पडून राहिली आणि तिच्याजवळ जायचं कोणाला सुचेना. तू गेलीस. तिला उठवलं नाहीस, न मळलेल्या कपड्यांनिशी तिच्या शेजारी चिखलात पालथी पडलीस. काहीतरी बोललीस आणि ती हसली. काय बोललीस ते मी विचारणार नाही. मग त्या तुझ्याशी न बोलणाऱ्या दोघी आल्या आणि त्याही तिथेच पडल्या. आयोवाच्या बाईंनी वहीत काय लिहिलं होतं कोण जाणे. हे त्यांनी पाहिलं नाही, ते मी इथे लिहून ठेवते आहे.

तर हिशेब असा की ऐंशीपैकी एकाहत्तर मिनिटं मी गप्प होते. नऊ राहिली. ती कुठल्या सामन्यात भरून काढायची ते तारीख घालून कळव. जूनमधला क्लबचा सामना असला तरी येईन.

लिंबाच्या वड्या वेगळ्या डब्यात पाठवते आहे. अर्ध्या ब्रिजिटच्या.

तुझी,
आजी