पंख्याची गोळी

३ जुलै
कुंदाचा बायॉप्सीचा रिपोर्ट आला. फुफ्फुसाचा कॅन्सर. आधी खोकल्याला काशीमिऱ्याच्या नाक्यावरच्या ट्रकांची धूळ म्हणालो, मग सहा महिने टीबीची औषधं. हे म्हणतात, माझ्या बहिणीने आयुष्यात कधी बिडी ओढली नाही, लॅबवाल्यांनी नावाची अदलाबदल केली असेल. दोनदा फोन केला. नाव बरोबर आहे.
कुंदानेच कुकर लावला. बाकी कुणाला सुचत नव्हतं.

६ जुलै
हॉस्पिटल. डॉक्टरीणबाई तरुण, पण सगळं नीट विचारतात. सिगरेट? नाही. घरात कुणी ओढणारं? नाही. चूल? लहानपणी, गावाला. मग पाळी कधी गेली, हार्मोनच्या गोळ्या घेता का. कुंदा ठाम म्हणाली, नाही. मी शेजारीच, फाइल मांडीवर. फाइलची दोरी गुंडाळत बसले.
कुंदा खोटं बोलली नाही. तिला माहीतच नाही.

७ जुलै
लिहूनच टाकते. माझं गर्भाशय काढल्यावर अंगाचा भडका उडायचा, तेव्हा डॉक्टरांनी ही हार्मोनची गोळी दिली होती. पाच वर्षांपूर्वी कुंदाचंही सुरू झालं. राई गावच्या शाळेत शिकवताना पहिलीच्या वर्गासमोर घामाने निथळायची. डॉक्टरकडे चल म्हटलं तर, असल्या गोष्टींसाठी कोण जातं. मग मीच माझ्यातली दिली. ह्यांच्यासमोर नाव कसं घ्यायचं, म्हणून गोळीला पंखा म्हणायचो. पंखा घेतलास का ग? घेतला. हे बिचारे छताकडे बघायचे. काय हसायचो दोघी.
केमिस्टकडून माझ्या जुन्या चिठ्ठीवर दोघींचा पंखा आणत गेले. त्याने कधी विचारलं नाही, मीही डॉक्टरांना नाही.

८ जुलै
कुंदाला आज पंखा दिला नाही. संपलाय म्हटलं. कपाटात तीन स्ट्रिपा आहेत. मीही घेतली नाही.

११ जुलै
रिपोर्टच्या निमित्ताने एकटी गेले. 'एका मैत्रिणीबद्दल' विचारलं. डॉ. म्हणाल्या, फुफ्फुसाच्या काही गाठींना इस्ट्रोजेन खतपाणी घालतं असं दिसतं, पण अभ्यासांचं एकमत नाही. अमक्या बाईला गोळीनेच झाला, असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. मैत्रीण अजून घेतेय का? परवापरवापर्यंत, म्हटलं.
"मग तिच्या डॉक्टरांना ते कळायला हवं," एवढंच म्हणाल्या. बघत राहिल्या माझ्याकडे. ओळखलं असणार.
मी आठ वर्षं घेतली. मला साधा खोकला नाही. भीती वाटते, आणि कुंदासमोर बसलं की लाज वाटते.

१४ जुलै
कुंदाला खोकला आणि वर घाम. मानेवर ओला रुमाल. दुसऱ्या केमिस्टकडे बघ ना, म्हणाली. अख्ख्या भाईंदरात मिळत नाही म्हटलं. लगेच पटलं तिला. तिला माझं सगळं पटतं.
ह्यांना सांगावं का? हे तिला सांगतील. नको.

१७ जुलै
उद्या पहिली किमो. हॉस्पिटलचा फोन, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या घेऊन या. कुंदाने बीपीची घातली, कॅल्शियम घातलं. मग हसत, पंखा पण गोळ्यांतच धरतात का ग वहिनी? पोळ्या लाटत होते. बघू म्हटलं. पोळी करपली.

१८ जुलै, सकाळ
चहानंतर तिन्ही स्ट्रिपा तिच्यापुढे ठेवल्या. संपल्या नव्हत्या, ही हार्मोनचीच गोळी, डॉ.नी विचारलं त्या दिवशी मी मुद्दाम गप्प बसले. सगळं सांगितलं. डॉ. काय म्हणाल्या तेही.
वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने चष्मा लावला, स्ट्रिप उलटी केली आणि नाव वाचायला लागली, एकेक अक्षर, तिच्या पहिलीतल्या पोरांसारखं.
"पाच वर्षांत कधी वाचलंच नाही मी. तू देत होतीस ना, म्हणून."
स्ट्रिपा पिशवीत घातल्या. चेन लावली.
हे खालून हाका मारतायत, रिक्षा आलीय. दर वेळी फाइल मी धरते. आज तिने घेतलीय.