करड्या कोटाची दुसरी बाही

प्रिय ठमे,

अक्षर बघून घाबरू नकोस, डाव्या हाताने लिहितेय. उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहतो, दुसऱ्याचा असल्यासारखा. शेजारच्या मास्तरीणबाई रोज विचारतात, सांगा, मी लिहून देते. पण यातलं एक वाक्य दुसऱ्या कुणाच्या कानावर घालायची माझी छाती नाही. ते वाक्य मी शेवटपर्यंत टाळणार, हे तुला आत्ताच सांगून ठेवते. गुरुवारी माझ्या मानेतली रक्ताची नळी साफ करणार आहेत. सही घेताना डॉक्टर स्पष्ट बोलला, यात पुन्हा झटका येऊ शकतो आणि या खेपेला वाचाही जाऊ शकते. म्हणजे मला गुरुवारच्या आत लिहून संपवायला हवं, आणि अर्ध्या पानालाच माझी सकाळ जाते.

दुकान बंदच आहे. मशीनवर चादर टाकलीय. कपडे घालायला एक बाई येते, ती माझा उजवा हात बाहीत असा कोंबते की काही विचारू नकोस. तिच्यावर ओरडते आणि मग दिवसभर वाईट वाटतं. आयुष्यभर लोकांच्या बाह्या बेतल्या, आणि आता स्वतःचा हात एका बाहीत जाईना!

डॉक्टर अगदी पोरगेलासा आहे. मला आजी म्हणतो मेला. त्याने मेंदूचे फोटो दाखवले. झटका आला तो पुढच्या मोठ्या मेंदूत, डाव्या बाजूला. तिथला डाग मला कळला. पण मागे, मानेच्या जरा वर, लहान मेंदू असतो म्हणे, त्याची उजवी बाजूही विझल्यासारखी दिसत होती. मी म्हटलं, अगं बाई, म्हणजे झटके दोन आले की काय? तो म्हणाला, नाही आजी, तिकडे काहीच झालेलं नाही. तो भाग धडधाकट आहे. फक्त त्याला समोरच्या डाव्या बाजूकडून सारखे निरोप जात असतात, ते थांबले, म्हणून तो गप्प बसलाय. इजा एकीकडे आणि मुकं झालंय ते पलीकडचं. परत बोलेल का, विचारलं. म्हणाला, कधी बोलतं, कधी नाही. फार दिवस गेले तर तो भागही वाळत जातो. मला तिथेच रडू कोसळलं. त्याला वाटलं, हातासाठी रडतेय. त्याने बिचाऱ्याने पाणी दिलं.

मी तुझ्यासाठी रडत होते. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला होता, ठमे. काखेचा गोल तू नुसत्या नजरेने काढायचीस, मी टेप घेऊन दहादा मोजायचे. हे मी आईला एकदा बोलले होते, तर ती म्हणाली, तिला नको सांगूस, शेफारेल. मीही नाही सांगितलं. टेबलाच्या त्या बाजूला तू खडू घेऊन, या बाजूला मी कात्री घेऊन. तू सारखी गुणगुणायचीस आणि मी वैतागायचे. नंतर बावीस वर्षं त्या टेबलाशी कुणी गुणगुणलं नाही.

तो करडा कोट तू विसरली नसशीलच. औषधवाल्याची बायको कापड घेऊन आली होती. नवऱ्याने हौसेने आणलेलं, शिवायच्या आधीच तो गेला. तिला त्यातून मुलासाठी कोट हवा होता. कापड इतकं कमी की दुहेरी घडी घालून दोन्ही बाह्या एकदम कापता येईनात. एकेक बाही सुटी आखायची, आणि दुसरीच्या वेळी बाहीच्या नमुन्याचा कागद उलटा करायचा. तुला त्या दिवशी ताप होता. जोडायला घेतल्या तेव्हा कळलं, दोन्ही बाह्या डाव्या! तसलं कापड बाजारात मिळेना. ती बाई भांडली असती तर बरं झालं असतं. तिने तुकडे छातीशी धरले आणि निघून गेली. तू माझ्याकडे बघून विचारलंस, ताई, मीच आखल्या ना गं दोन्ही? मी म्हटलं, हो, तूच. असू दे, होतं असं.

त्यानंतर तू खडूला हात लावला नाहीस. पोस्टाच्या खिडकीशी बसून शिक्के मारत राहिलीस. मी एकदाही म्हटलं नाही, परत ये. तुझ्या लेकीच्या फ्रॉकचा काठ उसवला, तर तू तोही बाहेरून शिवून आणलास. माझ्या हाताचा भरवसा नाही, असं हसत म्हणालीस. मी समोर बसून चहा पीत होते. सगळा कप संपवला.

दुसरी बाही मी आखली, ठमे. तू एक आखून आत जाऊन पडली होतीस. कागद उलटायचा मी विसरले. दुकानाच्या पाटीवर नाव माझं होतं, मी घाबरले आणि तुझ्या तापाचा फायदा घेतला. तुझ्या हाताला कधीच काही झालं नव्हतं. माफ कर म्हणायला तोंड नाही. पण मला एक सदरा हवाय, पुढून उघडा आणि उजवी बाही चांगली सैल, हा मेलेला हात न दुखता आत जाईल अशी. तुझी कात्री टेबलाच्या खालच्या खणात आहे, दर वर्षी धार लावून घेत आले. किल्ली मास्तरीणबाईंकडे ठेवतेय. गुरुवारनंतर माझ्या तोंडून शब्द फुटो न फुटो, मी आता सदरा घालीन तर तू बेतलेलाच.

तुझीच,
तुझ्याशी खोटं बोललेली
ताई