सासरेबुवांना तक्ता पाठ होता

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात खुर्चीत बसूनच मान लववली. खरं काय ते सांगितलेलं बरं.) मामींचा गुडघा कसा आहे? तुमची खोकल्याची ढास थांबली का? आम्ही सगळे इकडे मजेत आहोत, आणि हे वाक्य यंदा रिवाज म्हणून लिहिलेलं नाही. सासरेबुवा माझ्याशी पुन्हा बोलू लागले, त्यांच्या मागोमाग तुमची सूनबाईही बोलू लागली. पंधरा दिवस घरात चहाचा कप फक्त आदळलेला ऐकला होता. सुटलो, मामा!

याचं मूळ तुम्ही. चाळीस वर्षं तुम्ही कॉलेजात नीतिशास्त्र शिकवलंत, विद्यार्थ्यांनी ते शहाण्यासारखं परीक्षेपुरतं वापरलं. मी मात्र तुमचा तो कर्तव्याचा नियम थेट माझ्या चष्म्याच्या दुकानात आणला. काहीही करण्याआधी विचारायचं, सगळ्यांनी असंच केलं तर चालेल का? पहिल्याच रविवारी केस कापायला गेलो आणि दारातच विचार आला, की सगळं गाव या एकाच खुर्चीत येऊन बसलं तर? परत फिरलो. असा तीन आठवडे फिरत होतो. (नियमाचा अर्थ तसा नव्हे, हे तुम्ही फोनवर समजावलंत, पण तोवर गिऱ्हाइकं मला बघून दचकू लागली होती.) मग खरं बोलण्याचं व्रत घेतलं. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी जांभळी फ्रेम लावून कशी दिसते विचारलं, मी दिसली तशी सांगितली. बाई हल्ली समोरच्या दुकानात जातात, आणि जाताना आमच्याकडे बघतात.

हे सगळं पचलं. पण मग सासरेबुवा स्कूटरच्या परवान्याची मुदत वाढवायचा फॉर्म घेऊन आले. नजर ठीक असल्याची सही मी करायची, एवढंच काम. आता हे गृहस्थ गेली सहा वर्षं रोज सकाळी माझ्या दुकानात पेपर वाचायला बसतात. भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यासमोर रोज दहा माणसं डोळा झाकून ओरडतात, त्यामुळे तो तक्ता त्यांना वरून खाली तोंडपाठ. त्या दिवशी तक्ता भिंतीवर नव्हता. (का नव्हता, ते मागाहून.) मी फक्त ‘वाचा’ म्हणालो. त्यांनी डावा डोळा झाकला आणि खणखणीत आवाजात सगळ्या ओळी म्हणून दाखवल्या. कोऱ्या भिंतीकडे बघून. शेवटची बारीक ओळ तर जरा पुढे वाकून, कपाळाला आठी घालून वाचली.

भिंत कोरी आहे एवढं सांगून मी सही केली नाही. सगळ्यांनी अशा सह्या केल्या तर रस्त्यावर कोण वाचेल? ते फॉर्म घेऊन उठले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांची खुर्ची रिकामी राहू लागली. ही म्हणाली, बाबांचा असा अपमान परक्यानेही केला नसता. खरं सांगतो, त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मला फार वाईट वाटायचं. माझं कर्तव्य झालं होतं, पण पेपर कोणी मोठ्याने वाचत नव्हतं.

सोळाव्या दिवशी ते चालत आले. बसले. मग म्हणाले, “जावईबापू, सही कुठेही मिळाली असती हो. मीच महिनाभर पुढच्या बसचा लाल दिवा धरून गाडी चालवत होतो. मला नाही म्हणायला कुणीतरी हवं होतं. माझं मला ते जमेना.” मामा, मी आत जाऊन उगाच काचा पुसत बसलो.

दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. परवा दुसरी पट्टी सुटली तेव्हा त्यांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, “तुमचं एवढं टक्कल कधी पडलं?” आम्ही तिघं इतके हसलो, की नर्स ओरडली.

मामींना नमस्कार. कळावे, लोभ आहेच.

तुमचा नियमबद्ध भाचा

ता. क. : ते फॉर्म आणणार हे हिच्याकडून कळलं होतं, म्हणून तक्ता मीच आदल्या संध्याकाळी मुद्दाम काढला होता. काल सासरेबुवांनी नव्या नजरेने माझ्याकडे रोखून बघत विचारलं, तक्ता त्या दिवशी नेमका कुठे होता? खरं सांगितलं असतं, तर आपल्याला सापळा लावून पकडलं हे त्यांना कळलं असतं आणि खुर्ची पुन्हा रिकामी झाली असती. माझ्या तोंडून निघून गेलं, की मामांनी मागवून घेतला होता. रविवारी ते तुम्हाला फोन करणार आहेत. कृपा करून ‘हो’ म्हणा. तुम्ही जन्मात खोटं बोलला नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, म्हणून तुमच्या शब्दावर त्यांचा लगेच विश्वास बसेल.

ता. ता. क. : अगदीच खोटं ठरू नये म्हणून तक्ता सोबत पाठवला आहे. आता तुम्ही विचाराल, सगळ्यांनीच असं केलं तर? पण सगळ्यांना तुमच्यासारखा मामा कुठे आहे?