गोल्डन वकीलच्या आजीबद्दल दुरुस्ती

हुडकेश्वर, नागपूर
१४ नोव्हेंबर २०२५

आदरणीय पुष्पलता आत्या,

जय भीम. तुमचा गुडघा आता कसा आहे, आणि धानाची कापणी त्या गुडघ्यासकट आटोपली की गुडघ्याला घरी बसवून, ते कळवा. इकडे आम्ही तिघं ठीक. (आजोबांचा खोकला ठीक नाही, पण 'ठीक लिही' असं त्यांनी सांगितलं, म्हणून हे कंसात.)

मागच्या पत्रात माझ्याकडून चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की आमच्या घोडेस्वारीच्या शाळेत आलेला 'गोल्डन वकील' हा बाबांच्या रोशनीचा नातू आहे. तो नाही. तिचा कुणीही नाही.

सगळं क्रमानं सांगते. शाळेचे रविंद्र सर शर्यतीतून निवृत्त झालेला एक थरोब्रेड घोडा इव्हेंटिंगसाठी घेणार आहेत. (इव्हेंटिंग म्हणजे काय, हे तुम्ही फोनवर विचारलं होतं. एकाच घोड्यानं आधी शिस्तीत चालायचं, मग रानातून ओंडके आणि नाले ओलांडत धावायचं, मग मैदानात अडथळ्यांवरून उड्या मारायच्या. जन्मभर फक्त सरळ पळायला शिकवल्यावर.) पुण्याहून दोघं चाचणीला आले, हा वकील आणि 'नो कमेंट' नावाची घोडी. एक राहणार, दुसरा व्यापाऱ्याकडे परत. तिथून तो वरातीवाल्याकडे जाणार, डीजेच्या भोंग्यासमोर, हे व्यापाऱ्यानं लपवलंही नाही. स्पर्धेत मीच उतरते म्हणून सरांनी निवड माझ्यावर सोपवली.

बाबांनी मला घोडा शिकवला तो हातांनी. खूर कसा उचलायचा, कान कधी वाचायचा, लगामातून काय कळतं. पण ते गेल्यापासून माझा माझ्या हातांवर विश्वास उरलेला नाही, म्हणून मी कागद धरला. दोघांच्या वंशावळी फ्रिजवर चिकटवल्या. वकीलच्या घराण्यात सगळे लांब पल्ल्याचे, दमाचे. नो कमेंटच्या घराण्यात सगळे पाच फर्लांगांत आटोपणारे. आजोबा दोन दिवस पाणी घेताना ते कागद बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "काहून वं, माणसाचं रक्त पाह्यणं आपण छप्पन साली सोडलं. मी बापाच्या खांद्यावर बसून पाह्यलं ते. अन् तू घोड्याचं पाहून राह्यली?" मी म्हटलं, आजोबा, घोड्याला त्याचं दुःख नसतं. तर म्हणे, "त्याले विचारलं का?"

मी विचारलं नाही. कारण वकीलच्या आईच्या आईच्या रकान्यात मला 'रोशनी' हे नाव दिसलं होतं. बाबा पुण्याच्या पागेत मोतद्दार असतानाची त्यांची वही तुम्ही पाहिलीच आहे. 'रोशनीनं दाणा खाल्ला नाही. रोशनी जिंकली. रोशनीचा पाय सुजला.' अकरा वर्षं. (एक घोडी अकरा वर्षं शर्यतीत पळते, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मी दुसरी-तिसरीच्या मुलांच्या वह्या तपासते, तिथे असं काही सोडत नाही.) मी कागद घेऊन आधी आईकडे धावले आणि मग तुम्हाला पत्र लिहिलं. वर्षं जुळवली नाहीत.

मागच्या आठवड्यात लहानूकाका आले. ते बाबांसोबत त्याच पागेत होते. मी अभिमानानं सांगितलं, तर त्यांनी चहा बशीत ओतता ओतता विचारलं, "कोणती रोशनी पोरी? पाच होत्या." तिथे मोतद्दार घोडीला तिच्या शर्यतीतल्या नावानं हाक मारत नसत. बाबांच्या ठाणावर जी घोडी बांधली जाई, ती रोशनी. ती विकली, मेली किंवा लंगडी झाली की पुढची रोशनी. मग मी सगळे कागद तपासले. वकीलची आजी बंगळूरला जन्मली, तिथेच पळाली, पुण्याला कधी आलीच नाही.

आत्या, बाबांच्या हातून पाच वेळा ती गेली आणि वहीत एकदाही तसं लिहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी फक्त, 'रोशनी नवीन आहे, घाबरते.'

चाचणीचंही प्रामाणिकपणे लिहिते. वकील नाल्यापाशी आला, पाण्याकडे नीट पाहिलं आणि पुढची तारीख मागून परत फिरला. मी एकटीच पलीकडे गेले. (कोपर बरं आहे.) नो कमेंट बुटकी, एक कान फाटलेला, रक्तात सगळी घाई. तिनं तोच नाला असा ओलांडला, जणू घरातला उंबरठा. ती उडी घेणार हे लगामातून माझ्या हातांना आधीच कळलं होतं.

तर निवड कठीण नाही. कठीण हे आहे की आई दर रविवारी वकीलला भेटायला येते. त्याच्या मानेवर कपाळ टेकते आणि घरातलं सांगते, सिलिंडर कधी आला, आजोबा रात्री किती खोकले. "तुझ्या आजीले ह्यायनं पोटच्या पोरीवानी सांभाळलं," असं त्याला म्हणते. वकील ऐकतो. त्याबाबतीत त्याच्यात काहीही खोट नाही. मी मागे बादली धरून उभी असते आणि चुका दुरुस्त करणारी मी, ही चूक तशीच राहू देते.

बाकी क्षेम. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची भाची,
रितिका

ता. क. तुमचा लोणच्याचा डबा धुऊन ठेवला आहे. झाकण आमचं आहे, तुमचं सापडत नाही.

ता. क. २. हे पत्र खरं तर यासाठी: तुमच्या रामटेकच्या शेतावरचा गोठा रिकामा आहे ना? वकील गरीब आहे. पळायचं म्हणून त्याला आता काही पळायचं नाही. महिन्यातून दोनदा मी येऊन खूर बघेन. वरातीत तो एका दिवसात वेडा होईल.

ता. क. ३. वर 'निवड करायची आहे' असं वाटेल असं लिहिलं गेलं. ते बरोबर नाही. नो कमेंटच्या कागदावर मी कालच सही केली. आईला अजून सांगितलेलं नाही, हेही नाही आणि रोशनीचंही नाही. तुम्ही आलात तर बरं होईल. माझ्यासमोर ती रडत नाही, पोळ्या लाटायला घेते. गोठ्याला तुम्ही नाही म्हणालात तरी, आणि तुम्हाला येणं जमलं नाही तरी, मी तिला सांगणार आहे: रविवार, २३ नोव्हेंबर, सकाळी सात वाजता.